गाडीचा हिशेब आठ वर्षांचा धरा



उसाची बिले खात्यावर पडू लागली की तालुक्याच्या गावी दोन दुकानांत गर्दी वाढते. एक सोनाराचे आणि दुसरे गाड्यांचे. सोनाराच्या दुकानी काय घ्यावे हे घरची मंडळी ठरवतात, त्यात आम्ही पडत नाही. गाडीच्या दुकानी जाण्याआधी मात्र हल्ली पुष्कळ सभासद बांधावर गाठून विचारतात, "साहेब, पेट्रोलची घ्यावी का बॅटरीची? खरंच परवडती का हो ती?"

गाड्या हा काही आमचा विषय नव्हे. आमचा विषय बेणे, लागण, खत आणि हुमणी. पण एकरी खर्च किती आणि पदरात पडले किती, हे मांडणे हा आमचा रोजचा धंदा आहे. शिवाय गाडीला लागणारा पैसा उसाचाच असतो. हप्ता भरायचा तोही उसाच्याच बिलातून. म्हणून या अंकात थोडी जागा गाडीच्या हिशेबाला देत आहोत.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. जो सभासद रोज वीस किलोमीटरच्या वर फिरतो आणि ज्याच्या घरी रात्रीची वीज भरवशाची आहे, त्याने नवी दुचाकी घ्यायचीच झाली तर बॅटरीची घ्यावी. जो रोज सहा-सात किलोमीटरच फिरतो, त्याने पेट्रोलचीच वापरावी. आणि ज्याच्या दारात धडधाकट गाडी उभी आहे, त्याने शेजाऱ्याची बघून नवी अजिबात घेऊ नये. या मताला आधार काय, ते पुढे आकड्यांनिशी पाहू.

लागण आणि खोडवा

नुसती लागणीची पावती हातात धरून कोणी उसाचा हिशेब करतो काय? नांगरट, सरी, बेणे, मजुरी यांचा खर्च पहिल्या वर्षी अंगावर येतो. तोच खर्च खोडव्यात वाचतो. लागण आणि खोडवा मिळून जो हिशेब होतो तोच खरा. गाडीचेही तसेच आहे. बॅटरीच्या गाडीची लागण महाग आणि खोडवा स्वस्त. पेट्रोलच्या गाडीची लागण स्वस्त, पण पुढे दर आठवड्याला पंपावर खिसा रिकामा करावा लागतो. आणि खोडवा कितीही चांगला असला तरी कधीतरी तो मोडून नवी लागण करावीच लागते. तशी बॅटरीही एक दिवस बदलावी लागते. दुकानदार हे शेवटचे वाक्य सांगत नाही, म्हणून आम्ही सांगतो.

आपल्या वडीलधाऱ्यांनी हाच वाद विहिरीवर घातला होता. ऑईल इंजिन ठेवायचे का विजेची मोटर बसवायची? मोटर चालवायला स्वस्त, घरघर नाही, डिझेलचे डबे वाहायला नकोत. पण वीज गेली की पाणी बंद. म्हणून कित्येकांनी मोटर बसवली तरी इंजिन विकले नाही. त्यांनी आपली विहीर आणि आपल्या गावची वीज बघून निर्णय घेतला. आपणही तेच करायचे आहे.

आकडे

रोज सुमारे सत्तावीस किलोमीटर म्हणजे वर्षाला दहा हजार किलोमीटर असे धरू. घर, शेत, डेअरी, गट ऑफिस आणि आठवड्यातून दोनदा तालुक्याचे गाव एवढे फिरणाऱ्याचे इतके रनिंग सहज होते. मुदत आठ वर्षे, म्हणजे एकूण ऐंशी हजार किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि घरगुती वीज युनिटला १२ रुपये धरली आहे. हे दर हिशेबासाठी आहेत. वाचताना आपापल्या पंपाचा आणि वीजबिलाचा दर घालून घ्यावा. टायर आणि विमा दोन्ही गाड्यांना लागतात, म्हणून ते धरलेले नाहीत.

पेट्रोलची मोटरसायकल
रस्त्यावर येईपर्यंत किंमत: १,००,००० रुपये
पेट्रोल (लिटरला ५० किलोमीटर, वर्षाला २०० लिटर), आठ वर्षांचे: १,६८,००० रुपये
ऑईल, चेन, क्लच, सर्व्हिसिंग वर्षाला ४,००० प्रमाणे: ३२,००० रुपये
आठ वर्षांनी मोडीत आलेले वजा: २०,००० रुपये
एकूण: २,८०,००० रुपये, किलोमीटरला साडेतीन रुपये

बॅटरीची स्कूटर (तीन युनिटांच्या बॅटरीची)
रस्त्यावर येईपर्यंत किंमत: १,३०,००० रुपये
वीज (शंभर किलोमीटरला साडेतीन युनिट, वर्षाला ३५० युनिट), आठ वर्षांची: ३३,६०० रुपये
सर्व्हिसिंग वर्षाला २,००० प्रमाणे: १६,००० रुपये
एकदा नवी बॅटरी: ६०,००० रुपये
मोडीत काही येणार नाही असे धरले
एकूण: २,३९,६०० रुपये, किलोमीटरला सुमारे तीन रुपये

मुद्दाम कडक हिशेब केला आहे. बॅटरी बदलावी लागली आणि जुन्या गाडीचा रुपयाही आला नाही, असे धरूनही चाळीस हजार चारशे रुपये वाचतात. बॅटरी आठ वर्षे टिकली तर वाचलेली रक्कम एक लाखाच्या वर जाते. पेट्रोल लिटरमागे दहा रुपयांनी महागले किंवा स्वस्त झाले, तर आठ वर्षांच्या हिशेबात सोळा हजारांचा फरक पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

आता कमी फिरणाऱ्याचे पाहू. घर ते मळा आणि मळा ते घर, रोज आठ किलोमीटर म्हणजे वर्षाला तीन हजार. आठ वर्षांत पेट्रोलला ५०,४०० आणि सर्व्हिसिंगला २०,००० रुपये. गाडीची किंमत मिळवून आणि मोड वजा करून १,५०,४०० होतात. बॅटरीच्या गाडीला वीज १०,०८० आणि सर्व्हिसिंग १२,०००. किंमत धरून १,५२,०८०. म्हणजे बॅटरी बदलावी लागली नाही तर बरोबरी, आणि बदलावी लागली तर साठ हजारांचा खड्डा. गाडी उभी राहिली म्हणून बॅटरी तरुण राहत नाही. वयाने तीही थकते.

याच्या उलट जो तरुण सभासद दूध संकलनाला किंवा नोकरीला रोज पन्नास-साठ किलोमीटर जातो, त्याचे वर्षाला वीस हजार किलोमीटर होतात. त्याला पेट्रोलला ४२,००० आणि विजेला ८,४०० रुपये लागतात. वर्षाला ३३,६०० रुपयांचा फरक. बॅटरीच्या गाडीला जास्त दिलेले तीस हजार त्याचे वर्षाच्या आत फिटतात. बॅटरी लवकर थकेल हे खरे, पण तोवर नव्या बॅटरीचे पैसे त्याने वाचवलेले असतात. खर्च न करता बाजूला ठेवले असतील तर!

तात्पर्य, रोजच्या सात किलोमीटरच्या आत पेट्रोल आणि वीस किलोमीटरच्या वर बॅटरी. मधल्यांचा निकाल बॅटरीच्या आयुष्यावर लागतो. त्यांनी गाडीच्या रंगाआधी वॉरंटीचा कागद वाचावा.

एक गोष्ट जुनी माहिती घेऊन फिरणाऱ्यांसाठी. बॅटरीच्या दुचाकीवरील केंद्राची सवलत जून २०२१ मध्ये बॅटरीच्या दर युनिटाला १५,००० रुपये होती. जून २०२३ मध्ये ती १०,००० झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ती पहिल्या वर्षी ५,००० आणि पुढे २,५०० वर आली. दुसऱ्या बाजूने २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. बॅटरीच्या गाडीवर तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. म्हणजे मेहुण्याने तीन वर्षांपूर्वी गाडी घेताना जो हिशेब केला, तो आज लागू नाही. दोन्ही दुकानांतून आजचे कोटेशन लेखी घ्या.

बॅटरी, वीज आणि पाऊस

दुकानात कंपनीचे किलोमीटर सांगतात. ते सपाट रस्त्याचे आणि ठरावीक वेगाचे असतात. मागे युरियाची पंचेचाळीस किलोची गोणी, पुढे वैरणीची पेंढी आणि खाली पाणंदीचा रस्ता असेल, तर तेवढे पडत नाहीत. सांगितलेल्याच्या दोन तृतीयांश धरून चालावे. आपली रोजची गरज त्यात बसते का ते पाहावे.

वॉरंटीत तीन गोष्टी विचाराव्यात. वर्षे किती, किलोमीटर किती आणि बॅटरीची ताकद किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार. यातले जे आधी संपेल तिथे वॉरंटी संपते. आणि सर्व्हिसिंगचा माणूस तालुक्याच्या गावी आहे का, हे स्वतः जाऊन पाहावे. पेट्रोलची गाडी गावातला मिस्त्री झाडाखाली खोलतो. बॅटरीच्या गाडीचा कंट्रोलर तसा खोलता येत नाही. जवळचे सर्व्हिस सेंटर साठ किलोमीटरवर असेल, तर आमचा वरचा सगळा हिशेब विसरावा.

विजेचे म्हणाल तर दहा हजार किलोमीटरला रोज एक युनिट पुरते. एवढी वीज घरच्या सिंगल फेजवर रात्रीत मिळते. तथापि महिन्याला तीस युनिट वाढल्याने वापर शंभराच्या किंवा तीनशेच्या वर गेला, तर वरच्या युनिटांना चढा दर लागतो. म्हणूनच आम्ही बारा रुपये धरले. ज्यांनी पीएम सूर्यघर योजनेत छपरावर सोलर बसवले आहे, त्यांना एक किलोवॅटमागे दिवसाला सुमारे चार युनिट मिळतात. त्यातले एक गाडीला गेले तर कळतही नाही.

एक सूचना जरा स्पष्टच करतो. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज आहे. तेव्हा गाडी मोटरच्या पेटीवरच चार्ज करू, असा विचार कोणाच्या डोक्यात येऊ शकतो. तसे करू नये. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याखेरीज वीज वापरणे हे वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत ठरते आणि त्याची वाढीव आकारणी होते. शिवाय शेतावरच्या कमी-जास्त होणाऱ्या दाबाने चार्जर जळाला तर ते नुकसान निराळेच. घरी अर्थिंग नीट करून घ्यावे, सोळा अँपिअरचा सॉकेट बसवावा. पाचट, वैरण किंवा डिझेलचे कॅन ठेवलेल्या खोलीत गाडी चार्ज करू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीकाठच्या गावांत काय झाले ते आपण पाहिले आहे. बुडालेली बॅटरीची गाडी पाणी ओसरल्यावर घरी सुरू करून बघू नये, सर्व्हिस सेंटरलाच न्यावी. विमा काढताना पुराचे नुकसान त्यात आहे का, हे वाचून घ्यावे.

मग आपल्या इथेनॉलचे काय?

हा प्रश्न काही जाणकार सभासद विचारतात आणि तो रास्त आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचे मिश्रण २०२५ मध्ये २० टक्क्यांवर गेले. सभासदच बॅटरीची गाडी घेऊ लागले, तर हे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे नव्हे काय?

याचाही हिशेबच करू. वर्षाला २०० लिटर पेट्रोल म्हणजे त्यात ४० लिटर इथेनॉल. एक टन उसाच्या रसापासून ढोबळमानाने सत्तर लिटर इथेनॉल निघते. म्हणजे आपल्या मोटरसायकलीत वर्षभर जळते ते इथेनॉल जेमतेम अर्ध्या-पाऊण टन उसाचे. २०२४-२५ साली रसापासूनच्या इथेनॉलला लिटरला ६५.६१ रुपये दर होता. त्याने चाळीस लिटरचे सव्वीसशे रुपये होतात, तेही कारखान्याच्या हाती, प्रक्रियेचा खर्च वजा न करता. त्यासाठी सभासदाने पंपावर वर्षाला एकवीस हजार घालवावेत, असे आम्ही तरी सांगणार नाही. सभासदाच्या घरात पैसा राहिला तर तो ठिबकला लागेल, चांगल्या बेण्याला लागेल. कारखान्याचे खरे हित एकरी टनेज वाढण्यात आहे.

इथेनॉलचे भवितव्य आपल्या मोटरसायकलीवर ठरतही नाही. ते धोरणावर ठरते. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. त्या अवधीत मका पुढे निघून गेला. आणि वीज तरी परकी आहे काय? सहवीज प्रकल्प असलेले कारखाने आपल्याच उसाचा बगॅस जाळून वीज करतात आणि ती ग्रीडला देतात.

पेट्रोलची गाडी ठेवणाऱ्यांनाही एक गोष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. इथेनॉल आपले आहे म्हणून ती झाकून ठेवणे बरे नव्हे. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन तृतीयांशच असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ताकद कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात, दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या दुचाकींचे अॅव्हरेज तीन-चार टक्के कमी होईल असा अंदाज दिला आहे. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर रबरी नळ्या आणि कार्बोरेटरचे वायसर सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावेत.

चारचाकी आणि ट्रॅक्टर

चारचाकीबद्दल थोडक्यात. पेट्रोलच्या कारला किलोमीटरमागे सात रुपये इंधन आणि बॅटरीच्या कारला पावणेदोन रुपये वीज असे धरले, तर किलोमीटरला सव्वापाच रुपये वाचतात. पण किमतीतला फरक चार लाखांचा असेल, तर तो फिटायला पंचाहत्तर हजार किलोमीटर धावावे लागते. आपली कार बहुधा लग्नसराई, दवाखाना आणि पंढरपूर यापुरती निघते. वर्षाला सहा हजार किलोमीटरच्या हिशेबाने बारा वर्षे झाली. तेवढ्यात बॅटरीही थकेल आणि हौसही.

ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर हंगामात दिवस-रात्र चालतो, दोन ट्रेलर ओढतो आणि यार्डात नंबर लावून उभा राहतो. त्या कामाला आजघडीला डिझेलच. त्यावर वेळ घालवत नाही.

हप्ता हा खरा खर्च

वरच्या हिशेबात आम्ही व्याज धरले नाही, कारण ते प्रत्येकाचे वेगळे. पण घात होतो तो तिथेच. दुकानात "फक्त दहा टक्के फ्लॅट" असे सांगतात. तीन वर्षांच्या कर्जाला दहा टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ अठरा टक्के होतात. एक लाख तीस हजारांवर ३९,००० आणि एक लाखावर ३०,००० व्याज. म्हणजे बॅटरीच्या गाडीचा नऊ हजारांचा फायदा व्याजातच गेला. तरीही एकतीस हजार उरतात, पण ज्याचे रनिंग कमी त्याचे काहीच उरत नाही. कर्ज काढायचेच झाले तर घटत्या शिलकीचा दर विचारून दोन-तीन ठिकाणी चौकशी करावी.

बिलातून सोसायटीची कपात, पाणीपट्टीची कपात, खताची कपात, आणि त्यात आता गाडीची कपात, असे झाले की हातात कागद तेवढा राहतो. पुढच्या लागणीला बेणे उधार आणि खताचा पहिला हप्ता चुकलेला, असे प्लॉट आम्ही दर वर्षी पाहतो. गाडी कोणतीही असो, ती उसाच्या मुळावर येता कामा नये, एवढीच आमची कळकळ.

शेवटी एक विनंती व्यवस्थापनाकडेही. गट ऑफिस, यार्ड आणि कारखान्याचे गेट या ठिकाणी मीटर लावून, रास्त दराने चार्जिंगची सोय करावी. चिटबॉय आणि शेती विभागाचा कर्मचारी रोज पन्नास किलोमीटर फिरतो. वरच्या हिशेबाने बॅटरीची गाडी सर्वात आधी त्यालाच परवडते. एका गटात पंधरा-वीस गाड्या झाल्या तर कंपनीला गावात मिस्त्री ठेवायला सांगता येईल. एकट्या-दुकट्याचे कोण ऐकतो? हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासदांनीच मांडावा.

तोवर एक काम करावे. महिनाभर गाडीच्या मीटरचा आकडा पहिल्या आणि शेवटच्या तारखेला वहीत लिहून ठेवावा. पंपावर दिलेले पैसेही लिहावेत. मग हा अंक समोर ठेवून आपले आकडे घालावेत. ज्यांना आकडेमोड जमत नसेल त्यांनी वही घेऊन गट ऑफिसला यावे. लागणीच्या नोंदी आटोपल्या की आम्ही बसून हिशेब करून देऊ.

कळावे,
ऊस विकास अधिकारी